नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

आमच्या लेकीच्या आजारपणात ज्यांनी रक्त दिलं, प्लेटलेट्स दिल्या, त्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत. रक्तपेढी ती सांगत नाही, आणि तेच योग्य आहे. पण आभार मानायचे आहेतच. प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच टिकतात. म्हणजे तिला लागलेल्या प्रत्येक पिशवीमागे त्याच आठवड्यात कुणीतरी कामधाम सोडून आलं होतं, हाताला सुई लावून बसलं होतं.

लेक भारी बोलकी. वॉर्डात शिरली की आपल्या खाटेआधी शेजारच्या खाटेवर कोण आलंय ते बघणार. नवं मूल रडत असलं की सलाईनचा स्टँड ढकलत त्याच्यापाशी जायची आणि सांगायची, “सुई टोचताना पायाचा अंगठा हलव, कळतसुद्धा नाही.” तिला चांगलं कळायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. पिशवी लावली की तिच्यावरचा रक्तगट मोठ्याने वाचून पिशवीलाच “थँक्यू हं” म्हणायची. सिस्टर हसायच्या. ते थँक्यू तुमच्यापर्यंत पोचवायचं आमच्याकडे राहिलं होतं.

रात्री फरशी पुसता पुसता तिच्याशी गप्पा मारणाऱ्या मावशींचेही आभार.

एवढं करूनही ती राहिली नाही, याची रुखरुख कुणी लावून घेऊ नका. तुमच्यामुळे तिला आणखी दिवस मिळाले. त्यात तिने शेजारच्या मुलाला पत्ते खेळायला शिकवलं, आणि मग त्याला धडाधड हरवलंही.