दिन्यासाठी, गारिबाल्दी चौकातून

मेक्सिको सिटी

प्रिय बंड्या,

तब्येत बरी आहे, खोकला गेला. आता मुद्द्याचं.

दिन्याचा मेसेज आला. ‘ठीक आहे.’ वैशाली त्याला सोडून गेल्यापासून एवढंच लिहितो. तुझ्याशी तरी बोलतो का? वर्गाबाहेर काढला तरी दारातून सरांना उत्तरं देणारा प्राणी तो! त्याचं हे गप्प होणं मला सोसत नाही.

काल रात्री गारिबाल्दी चौकात गेलो होतो. तिथे मारियाचीवाले, म्हणजे ट्रम्पेट-व्हायोलिन घेऊन गाणारे इथले ताफे, घोळक्याने उभे असतात, गाण्यामागे पैसे ठरवून गातात. पन्नाशीच्या एका माणसाने, ऑफिसच्याच कपड्यांत, गाणं सांगितलं. दुसऱ्या कडव्याला त्याच्या तोंडून आरोळी निघाली. इथल्या गाण्यांत ती असतेच, लांबलचक, अर्धी हसू अर्धी हुंदका. मग त्याला पुढे गाता येईना. ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट खाली घेतला, व्हायोलिनं हळू वाजत राहिली, आणि बाजूला उभ्या असलेल्या अनोळखी बाईने पुढची ओळ उचलली. कुणी टक लावून बघितलं नाही, कुणी ‘विसर आता’ म्हणालं नाही. मला सारखा दिन्या आठवत होता रे.

तू म्हणणार, रडक्या गाण्यांनी माणूस जास्तच खचतो. याच वादात होस्टेलच्या खिडकीतून माझी कॅसेट फेकलीस, ते मी अजून माफ केलेलं नाही! पण इथला गीतकार-गायक होसे आल्फ्रेदो हिमेनेस, त्याचं ऐक. 1926 चा, दोलोरेस इदाल्गो गावचा. वेटरचं काम केलेला माणूस. वाद्य येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. शिट्टीवर चाल सांगायचा, दुसरे लिहून घ्यायचे. ती सोडून गेली, मी हरलो, हे त्याने चारचौघांत गायच्या गाण्यांत घातलं, आणि अख्खा देश ती गाणी अजून गातो.

दारू माणसाला संपवते, हे मात्र तुझंच खरं. 1973 मध्ये, 47 व्या वर्षी, यकृताच्या दुखण्याने गेला. याच चौकातल्या तेनाम्पा नावाच्या बारमध्ये त्याच्यासोबत प्यायला बसणारी गायिका चावेला वार्गास, तिचीही कितीतरी वर्षं बाटलीने खाल्ली. पण ती त्यातून बाहेर आली आणि सत्तरी उलटल्यावर पुन्हा गायला उभी राहिली. ट्रम्पेट नाही, ताफा नाही, गिटारीच्या साथीवर, अगदी संथ. पुरुषांनी बाईसाठी लिहिलेली गाणी तिने शब्द न बदलता बाईलाच उद्देशून म्हटली. दिन्याला तिची रेकॉर्डिंगं पाठवतोय.

पण मोबाइलवर एकट्याने ऐकून भागायचं नाही. रविवारी तू त्याच्याकडे जा. बाटली नको, पेटी घेऊन जा. गायला तर साथ दे, ओरडला तर ओरडू दे. त्याची समजूत घालू नकोस आणि वैशालीला नावं तर मुळीच ठेवू नकोस.

घराचं कर्ज मंजूर झालं का? अण्णांच्या गुडघ्याचं काय ठरलं? चिमीला दहावीसाठी शुभेच्छा, वहिनींना नमस्कार.

रविवारी रात्री फोन करतो, तुमच्याकडे सोमवारची सकाळ असेल. उचल.

तुझा,
सुध्या