बाराबंदी पांढरीच दिसू द्या

महोदय,

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीचे अतिरुंद कोनातले फोटो दरवर्षी पाहायला मिळतात. त्यांतल्या काहींत मधल्या भक्तांची बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) शुभ्र, तर कडेच्यांची गुलाबी किंवा हिरवट दिसते. वाचक छपाईला दोष देतात. पण फोटो डिजिटल रेंजफाइंडरवर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यावर) १२ किंवा १५ मिमीची अतिरुंद लेन्स लावून काढलेला असेल, तर दोष बहुधा कॅमेऱ्यातच घडलेला असतो आणि तो काढता येतो.

एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून पाहायच्या कॅमेऱ्यात, आरशाला जागा सोडावी लागते, म्हणून रुंद लेन्सचे मागचे भिंग सेन्सरपासून लांब ठेवतात. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. जुन्या रचनेच्या लेन्सचे मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येते आणि कडांवर प्रकाश फार तिरपा पडतो. फिल्मला त्याचे रंगाच्या बाबतीत काही वाटत नसे. सेन्सरवर मात्र काच, रंगगाळण्या आणि सूक्ष्म भिंगे असतात; तिरपा किरण शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसतो आणि छटा बदलते. लायका एम९ या रेंजफाइंडरवर (२००९) हा त्रास ठळक दिसतो. त्याआधीच्या एम८चा सेन्सर लहान, म्हणून तिथे १५ मिमीचा कोन २० मिमीइतका होतो आणि सर्वांत वाईट कडा बाहेरच राहतात. फोइख्टलेंडर या लेन्स कंपनीने २०१५मध्ये १५ मिमीची तिसरी आवृत्ती डिजिटल सेन्सरसाठी नव्याने रचली. नवी लेन्स घेणार असाल तर तीच घ्यावी.

जुनी लेन्स असेल तर पांढरी फ्रेम, म्हणजे रंगदोष मोजायला नुसत्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो, घ्या. साइनबोर्डवाल्याकडून दोन-तीन मिमी जाडीचा दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणा. तो लेन्सच्या तोंडाशी सपाट धरून, सूर्याकडे पाठ करून, मोकळ्या आकाशाकडे रोखा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो घ्या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्याच्या थोडा उजवीकडे असावा, टोकाला चिकटू नये. वापरता त्या प्रत्येक अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या आकाराला, उदा. एफ/८) वेगळी फ्रेम हवी. एफ/४.५ची फ्रेम एफ/८च्या फोटोला लावली की कडा पुन्हा रंगतात. उजेडाचा रंग बदलला की झाकही थोडी बदलते, म्हणून सकाळच्या मिरवणुकीसाठी सकाळीच, रात्रीच्या दिव्यांसाठी त्याच दिव्यांखाली घ्यावी. नंतर संगणकावर कॉर्नरफिक्स, रॉथेरपी किंवा लाइटरूम या सॉफ्टवेअरमधील फ्लॅट-फील्ड सुधारणेत (पांढऱ्या फ्रेमवरून कडा दुरुस्त करण्याच्या सोयीत) ती जोडा. कडांचा अंधारही त्यात भरून निघतो. मात्र जुन्या १५ मिमीचे कोपरे तीनेक स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळे असतात, ते उजळताना दाणे वर येतात. म्हणून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) शक्य तितका कमी ठेवा आणि फोटो कमी उजेडाचा काढू नका.

फोकसची धावपळ करू नये. १५ मिमीवर एफ/८ ठेवून अंतर दीड मीटरवर लावले, की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत स्पष्ट येते. चौकट मात्र कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसत नाही. लायका एमच्या नेहमीच्या खिडकीत २८ मिमीपर्यंतच रेषा असतात, त्यामुळे वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. तो लेन्सच्या वर असतो, म्हणून जवळची वस्तू डोळ्याला दिसते तिथे फोटोत येत नाही. कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले चित्र मागच्या पडद्यावर दिसण्याची सोय) असेल तर जवळच्या वस्तूंच्या फोटोसाठी पडद्यावरच पाहावे.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते कॅमेरा वर वाकवल्याने. उंच नंदीध्वज सामावण्यासाठी तो तिरपा धरला, की काठ्या आत झुकून पडतील अशा दिसतात. कॅमेरा समतल धरा, दोन पावले मागे सरका आणि खालचा रिकामा रस्ता नंतर कापा. आणि माणसे अगदी कोपऱ्यात ठेवू नका; तिथे चेहरे ताणले जातात.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. रंगलेल्या कडा कापून टाकण्याचा सोपा मार्ग घेऊ नये. त्या कडेला काठी पेलणाऱ्या मानकऱ्याचा खांदा असतो. पाठवणाऱ्याकडे रॉ फाइल आणि पांढरी फ्रेम मागावी.

आपला,
एक छायाचित्रकार, सोलापूर