मुठेच्या तळाशी कोण राहते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी 31 वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. मेफ्लाय या कीटकाचे पिल्लू मुलांना दाखवले ते फॉर्मालिनच्या बाटलीत. जिवंत पाहिले ते निवृत्तीनंतर, गेल्या दिवाळीनंतर पानशेतच्या वर आंबी नदीत. दाखवणारा होता आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा केनियाचा विद्यार्थी.

तो नजोरोच्या एजर्टन विद्यापीठात शिकलेला. तिथे व्हिएन्ना आणि डेल्फ्टच्या संस्थांच्या जोडीने गोड्या पाण्याचा आणि पाणथळ जागांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. नजोरो नदी पुढे नाकुरू सरोवराला मिळते. तिच्यात उतरूनच ही मुले शिकतात. त्याने माझी पिठाची चाळणी आणि एक पांढरे ताट मागून घेतले, पाण्यातला दगड उलटला आणि ताटात खळबळून धुतला. तीन शेपट्यांचे, नखाएवढे पिल्लू. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले थरथरत होते. बाटलीत ते कधी हलताना दिसले नव्हते.

दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलेही अशीच नदी तपासतात. त्या पद्धतीचे नाव मिनिसास. प्राण्यांचे 13 गट. घाण जितकी कमी सोसते तितके गुण जास्त. जळूला 2 गुण, गोगलगाईला 4, चतुराच्या पिल्लाला 6, बहुतेक मेफ्लायना 11. सापडलेल्या गटांची सरासरी काढायची, बस्स. आंबीत आमची सरासरी 8 आली. दुसऱ्या दिवशी मुठेत विठ्ठलवाडीच्या घाटाखाली गांडुळासारखे किडे, लाल अळ्या आणि गोगलगायी एवढेच मिळाले. सरासरी तीनच्याही खाली. हात धुतले तरी वास जाईना.

दक्षिण आफ्रिकेच्याच 1998 च्या जलकायद्यात माणसाच्या मूलभूत गरजेपुरते आणि नदी जिवंत राहण्यापुरते पाणी आधी राखून ठेवायचे, मग बाकीचे वाटप, असे लिहिले आहे. पण नदीला किती पाणी लागते हे ठरवायला नदी वाचता येणारी माणसे लागतात, आणि ती विद्यापीठांनीच घडवावी लागतात. आमची मुठा खडकवासल्याखाली पावसाळा सोडला तर सांडपाण्यावरच वाहते. काठ सुशोभित करण्यावर आपण किती बोलतो! तळाशी काय जगते, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पुण्याच्या विद्यापीठाने खडकवासला ते संगम एकेक टप्पा एकेका महाविद्यालयाला वाटून द्यावा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा मोजणी व्हावी, मुलांना तिचे गुण मिळावेत आणि आकडे वर्तमानपत्रात छापून यावेत. खर्च म्हणाल तर चाळण्यांचा आणि बसभाड्याचा. विठ्ठलवाडीच्या टप्प्यासाठी मी शिकवायला येईन. घाटावरचे पाणी ऑक्टोबरात उतरते, तेव्हा सुरुवात करता येईल.

एक निवृत्त प्राध्यापिका,
सिंहगड रस्ता, पुणे