कोट कोणत्या रंगाचा हवा?

लेस्टर,
१२ फेब्रुवारी

ती. आई आणि आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तात्यांची पंचविसावी पुण्यतिथी येतीय, बोर्डिंगातल्या पोरांना गोडाचं जेवण घालू म्हणतो, तू किती धाडतीस?" आणि मी "बघते, कळवते" म्हणून विषय मोडला. पोरगी साहेबाच्या देशात जाऊन चिकट झाली असं वाटलं असेल. तसं नाही. जे सांगायचं होतं ते दोन वाक्यांत बसणारं नव्हतं, आणि तुमचा कान व आमचं नेट एकाच वेळी धड असल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून हा कागद. आई, चष्मा लाव आणि मोठ्यानं वाचून दाखव. मधे मधे स्वतःचं घालू नकोस.

मी दर बुधवारी फूड बँकेत जाते हे तुम्हाला माहीत आहे. आईला अजून वाटतं की तिथं मी नोटा मोजते. अगं, धान्याची बँक. चर्चचा एक जुना हॉल आहे, तिथं लोक घरातून, दुकानातून डबे-पाकिटं आणून देतात आणि ज्यांची चूल अडलीय त्यांना ती देतात. पण कुणीही उठून यायचं असं नसतं. डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र असं कुणीतरी चिठ्ठी देतं, ती दाखवली की घरात माणसं किती ते बघून तीन दिवस पुरेल एवढा शिधा मिळतो. आल्याआल्या चहा-बिस्किट देतात, बसवतात. "का आलात" असं विचारायचं नाही. ज्याला सांगायचं असतं तो सांगतोच.

एवढ्या श्रीमंत देशात हे कशाला लागतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. इथं ट्रसल नावाची एक मोठी संस्था आहे. एक नवरा-बायको १९९७ पासून बल्गेरियातल्या बेघर मुलांसाठी काम करत होते, त्यासाठी पैसे गोळा करत होते. तर सॅलिसबरी या त्यांच्याच गावातल्या एका आईचा फोन आला, की माझी पोरं आज उपाशी झोपणार आहेत, त्याचं काय? तेव्हा २००० साली त्यांनी आपल्याच घरामागच्या शेडमध्ये पहिली फूड बँक काढली. २०२३-२४ या एका वर्षात त्यांच्या केंद्रांतून ३१ लाखांहून जास्त पार्सलं गेली. आमचं केंद्र त्यापुढे किरकोळ आहे. पण आमच्याकडेही नोकरीचा गणवेश अंगावर असलेली माणसं येतात. काम आहे, पगारही आहे, पण भाडं आणि हीटरचं बिल भरलं की हातात काही उरत नाही. नोकरी गेली तर सरकारी मदतीचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. आणि आपल्यासारखे व्हिसावर आलेले असतील तर बहुतेकांच्या व्हिसाच्या अटीतच असतं, की सरकारी मदत मिळणार नाही.

माझं काम मागच्या खोलीत. आलेला माल आधी वजनकाट्यावर ठेवायचा, मग एकेका डब्यावरची तारीख शोधून काळ्या मार्करनं मोठी लिहायची आणि त्या त्या वर्षाच्या फळीवर लावायचा. कंपन्या ती तारीख कुठे लपवतील सांगता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा आणि चर्च सुगीचा सण करतात तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, ख्रिसमसला पुन्हा तेच, आणि आता फेब्रुवारीत फळ्या भुंड्या. त्यातही घेवड्याचे डबे आणि पास्ता मात्र कायम ढीगभर. देणाऱ्याला दुकानात गेल्यावर तेच आधी आठवतं. जास्त टिकणारं दूध, साबण, बायकांचे पॅड, बाळाचे डायपर कुणाला आठवत नाहीत. पहिल्याच महिन्यात मी एका माणसाची पिशवी हौसेनं काठोकाठ डब्यांनी भरली. दुसऱ्या आठवड्यात तो येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्याकडे डबा फोडायचं काही नाही." एकाच खोलीत राहतो, शेगडी नाही, फक्त पाणी तापवायची किटली. अशांसाठी वेगळी पिशवी असते, उकळतं पाणी ओतलं की होणाऱ्या वस्तूंची. मी विचारलंच नव्हतं. आता टेबलाच्या खणात डबे फोडायची हत्यारं ठेवलेली आहेत, माझ्या पैशांनी आणलेली. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. त्या माणसानं तो आठवडा काय खाल्लं असेल हे अजून मनातून जात नाही.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबरात एकदा माणसं कमी होती म्हणून मला पुढच्या टेबलावर बसवलं. रांगेत एक तरुण पोरगा होता, कानाला फोन, भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "हां आई, जेवलो. वरण-भात केला होता. हां, तूप पण आहे." इतक्या दिवसांनी तिथं मराठी ऐकू आली आणि माझं तोंड सुटलं. "अरे, आपला का तू? कुठला?" असं मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. फोन बंद केला आणि म्हणाला, "नाही नाही, मला इथं मदत करायला येता येईल का ते विचारायला आलोय." हातात विद्यापीठातून दिलेली चिठ्ठी होती, ती त्यानं मुठीत चुरगाळली. आणि गेला. पिशवी न घेता.

शिकायला आलेल्या पोरांचं काय असतं ते दादाला सांगा, तो सारखा "माझ्या पोराला तिकडं पाठवू का" म्हणतो. शैक्षणिक कर्ज काढून यायचं. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, असा व्हिसाचा नियम. तेवढं काम तरी मिळेल याची खात्री नाही. आणि घरी सगळ्यांना वाटतं, पोरगा पौंडात कमावतोय. त्याचं नाव-गाव मला माहीत नाही, असतं तरी सांगितलं नसतं.

तेव्हा आमच्या बा उठल्या. बा म्हणजे सत्तरी उलटलेल्या गुजराती आजी, माझ्याबरोबर तारखा लिहितात. त्या त्याची पिशवी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "बेटा, बहु वजन छे, जरा पकड ने." त्यानं पकडली. बा त्याला तिथंच सोडून परत आल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. डबे लावता लावता कधीतरी स्वतःचं सांगायला लागल्या.

१९७२ साली आफ्रिकेतल्या युगांडात तिथला हुकूमशहा इदी अमीननं सगळ्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितला. साधारण २८,००० लोक इंग्लंडात आले. ह्याच लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. जाहिरात वाचून कितीजणांना नव्यानंच कळलं म्हणे, की लेस्टर नावाचं एक गाव आहे! बा तेव्हा नवी नवरी. सुती साडी, पायात चपला, विमानतळावर उतरल्या तर हाडं गोठवणारी थंडी. तिथं इंग्रज बायकांचं स्वयंसेवक मंडळ जुन्या गरम कपड्यांचे ढीग घेऊन बसलेलं. बा म्हणाल्या, देणाऱ्या पुष्कळ होत्या, मी मान खाली घालून रांगेतून सरकत होते. मिळेल ते घ्यायचं, दुसरं काय. एका बाईनं मात्र थांबवलं. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. तिनं दोन कोट वर धरले, एक निळा आणि एक लाल, आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

"मी लाल घेतला," बा म्हणाल्या. "बाह्या एवढ्या लांब, की हात दिसत नव्हते. पण लाल मी घेतला."

आबा, मला तिथंच तात्या आठवले. ते कर्मवीरांच्या बोर्डिंगात होते आणि मुष्टिफंडाला पोती घेऊन दारोदार जायचे, हे त्यांनी आपल्याला शंभरदा सांगितलंय. मूठभर ज्वारी, मूठभर बाजरी, जे घरात असेल ते. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनी १९३० मध्येच गेल्या, तात्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं, पण बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांनी मंगळसूत्र मोडल्याची गोष्ट ते डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगायचे. आणि एक दुसरी गोष्ट आठवतीय का? कुठल्याशा वाड्यात बाईनं पायरीवर उभं करून धान्य वरून टाकलं, ते निम्मं खाली सांडलं, आणि तात्यांनी ते वेचून पोत्यात भरलं. म्हातारपणी जेवताना कुणी लांबून वाढलं तर ते ताटावरून उठायचे. आई, तू त्यांना हेकट म्हणायचीस.

आणखी एक. माझी पाचवीतली मैत्रीण बोर्डिंगात राहायची. ती सांगायची, पितृपक्षात आमच्याकडे आठवड्यातून तीनदा जिलेबी असते, आणि अंगाला लावायला साबण नसतो. कुणाच्या आजीचं श्राद्ध, कुणाच्या साहेबाचा वाढदिवस. जेवणाआधी पोरांना ओळीत उभं करून फोटो. म्हणजे घेवड्याचे डबे आपल्याकडेही आहेतच.

म्हणून माझं म्हणणं असं, की गोडाचं जेवण लगेच ठरवू नका. तुम्ही स्वतः एकदा बोर्डिंगात जा, तुमचा तिकडे मान आहे. आधी अधीक्षकांशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. मोठ्या दोन-तीन पोरांना बाजूला घेऊन विचारा, काय हवंय? ती आधी "काही नको" म्हणतील. दुसऱ्यांदा जा. पोरी असतील तर आईला घेऊन जा, तुम्हाला त्या सांगणार नाहीत. आणि त्यांनी जिलेबीच मागितली, तर जिलेबी! मग दोन प्रकारचं गोड करा, पैसे मी देते. फक्त पाटी नको, फोटो नको, आणि वाढताना आपली पोरंही त्याच पंगतीत बसू देत. दादाला हे पटणार नाही, त्यानं बॅनर छापायला टाकला असेल तर थांबवा.

पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून येतील, ह्यांच्या नाही. हेही सांगून ठेवते, कारण गेल्या वेळी वाचनालयाला ह्यांनी देऊ केले तेव्हा तुम्हाला राग आला होता, की जावयानं कबूल करून माघार घेतली. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. त्यामुळे मी कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. ह्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, तेव्हा परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी ह्यांची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायची तर संस्थेकडे परदेशी देणग्यांची नोंदणी पाहिजे, आणि २०२० नंतर तर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तालुक्याच्या संस्थेनं हे कुठं करायचं? जावई खोटा नव्हता, कागद आडवा आला. ते आता इथल्याच केंद्राला देतात. इथं कर भरणाऱ्यानं फॉर्मवर सही केली की एका पौंडामागे २५ पेन्स सरकार त्या संस्थेला वरून देतं. हे ऐकून ते खूश. हिशेबी माणूस.

त्या पोराचं राहिलं. तो आमच्या हॉलमध्ये परत आला नाही. मला फार खात होतं. जानेवारीत एका रविवारी आम्ही गुरुद्वारात गेलो होतो. रस्त्याचं नाव होली बोन्स, म्हणजे पवित्र हाडं, काय एकेक नावं ठेवतात! तिथं लंगर असतो. चिठ्ठी लागत नाही, कोण कुठला कुणी विचारत नाही, डोकं झाकायचं आणि जमिनीवरच्या पंगतीत बसायचं. डॉक्टर आणि बेघर मांडीला मांडी लावून. मी ताट घेऊन बसले आणि वर बघते तर डाळीची बादली घेऊन तोच पोरगा पंगतीत वाढत येतोय. डोक्याला केशरी रुमाल. मी ताटात मान घातली. म्हटलं, ह्या वेळी तोंड उघडायचं नाही.

माझ्यासमोर आल्यावर तो थांबला. मग मराठीतच म्हणाला, "ताई, डाळ वाढू?"

"थोडी," म्हटलं. त्यानं चांगली दोन पळ्या वाढली आणि पुढं गेला.

बाकी सगळं ठीक. नातवाचा दात पडला, तो त्यानं उशीखाली ठेवलाय. आईचा गोडा मसाला संपत आलाय. तात्यांचा तो पोत्याबरोबरचा फोटो माळ्यावर असेल तर मोबाइलवर काढून पाठवा, मला बांना दाखवायचाय.

तुमची,
ताई

ता. क. आबा, पोरांनी काय मागितलं ते मला जसंच्या तसं कळवा. तुमच्या शब्दांत नको, त्यांच्या.