न भरणारा व्रण

प्रिय धाकटे,

आई-बाबांना नमस्कार सांग. त्यांना वेगळं लिहितेच आहे, हे पत्र घरातल्या नव्या डेंटिस्टबाईंसाठी.

तोंडातला क्षय पुस्तकात जेमतेम परिच्छेदभर, मग ताई त्याचा एवढा बाऊ का करते, असं तू फोनवर म्हणालीस. दुर्मीळ आहे, कबूल. पण तो तोंडात दिसतो तेव्हा मूळ बहुतेक वेळा फुप्फुसात असतं. खोकल्यातून वर आलेले जंतू जिभेवर किंवा हिरडीवर ओरखडा असला की तिथे रुजतात. पेशंट तुझ्यासमोर आ करून बसलेला असतो आणि आपल्याला क्षय आहे हे कधीकधी त्यालाच ठाऊक नसतं.

जास्त करून जिभेवर व्रण. कडा वेड्यावाकड्या, आतून पोखरलेल्या, तळ दाणेदार. बहुतेकांचा दुखतो, काहींचा मुळीच नाही, म्हणून दुखण्यावर भिस्त ठेवू नकोस. शेजारचा दात टोकेरी दिसला की आपण तो घासतो, मलम देतो. घास जरूर, पण त्यानंतर 2 आठवड्यांत व्रण भरला नाही तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. तेव्हा कॅन्सर आठवतोच, आणि बहुतेकांचा विचार तिथेच थांबतो. क्षयाचा आणि कॅन्सरचा व्रण इतके सारखे दिसतात की नुसत्या डोळ्यांनी ठरवायच्या फंदात मी पडत नाही. दात काढल्यावर खड्डा भरत नसेल, तरी मानेतल्या गाठी चाचपून बघ. खोकला, रात्रीचा घाम, घटलेलं वजन हे विचारच. दाताच्या डॉक्टरला कुणी आपणहून सांगत नाही.

आता कॉलेजात कुणी नीट न सांगितलेली गोष्ट. फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, टाकलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही, त्यातून जंतू वाढवून बघता येत नाहीत. संशय असला तर दुसरा तुकडा सलाइनमध्ये पाठव आणि चिठ्ठीवर ‘क्षय?’ असं स्पष्ट लिही. झील-नील्सन, म्हणजे क्षयाचे जंतू रंगवून दाखवणारी तपासणी, निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजू नकोस, तोंडातल्या व्रणात जंतू विरळ असतात. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी हवीच.

संसर्ग आटोक्यात येईपर्यंत एअरोटर, म्हणजे दात कोरायचं फवारा उडवणारं यंत्र, लावू नकोस. तातडीचं काही करावंच लागलं तर एन-95 घाल, साधा सर्जिकल मास्क त्या बारीक कणांना अडवत नाही.

आणि हो, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असलेल्याची लाळ नारिंगी दिसली तर दचकू नकोस. मात्र त्याला तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल लिहिण्याआधी त्याच्या छातीच्या डॉक्टरांना फोन कर, रिफॅम्पिसिनमुळे फ्लुकोनॅझोलचा असर घटतो.

तुझी,
ताई