पेट्रोल बदलले, तर इंजिनही बदलावे लागणारच

महोदय,

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये आणले. त्याचा आम्हा इंजिनकाम करणाऱ्यांना आनंदच झाला. पण गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट रोजच्या कामात अडचणीची ठरते आहे. म्हणून हे पत्र.

सध्या माझ्याकडे १९६७ सालच्या एमजीबी या दोन आसनी इंग्लिश स्पोर्ट्स कारचे इंजिन पूर्ण खोलून ठेवले आहे. पाच बेअरिंगचा क्रँक, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य भाग, उत्तम आहे. त्यावरच्या हेडची अवस्था मात्र वाईट. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा, झिजून खोल गेल्या आहेत. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलवर चालण्यासाठी बनले होते. जळलेल्या शिशाचा पातळ थर सीटवर बसायचा आणि तापलेला व्हॉल्व्ह थेट बिडावर (ओतीव लोखंडावर) आपटत नसे. २००० साली देशभर शिसे बंद झाले. लोकांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी ते योग्यच होते. पण तो थर गेला आणि नुसते बीड उघडे पडले. आता जुन्या सीटच्या जागी खाच कापून कठीण धातूच्या रिंगा ठोकून बसवल्याशिवाय हे हेड टिकणार नाही.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या जुन्या मापाच्या निडलवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे इंधन कमी पडते, आणि इंजिन तापते. जुने रबरी होज फुगतात, चिरतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि टाकीला आतून गंज चढतो. या पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळण्याचा गुण) चांगला आहे, तेवढा फायदा मी नाकारत नाही. पण निडल, होज, फ्लोटची सुई बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

आता बोअरचे पाहा. सिलिंडर झिजलेत, म्हणून चाळीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन घालणार. म्हणजे १७९८ चे सुमारे १८४५ सीसी होतील. कागदावर आकडा जुळत नाही म्हणून हा फेरफार धरायचा का? ओव्हरसाइज पिस्टन तर त्या काळी खुद्द कारखानाच विकत असे. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, तर बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी मात्र पहिल्या फटक्यात चालू होते आणि पेट्रोलही नीट जळते.

मालकांच्या मुलाची इच्छा होती की हे सगळे काढून आजचे जपानी इंजिन घालावे. मी नाही म्हटले. तसे केलेल्या गाडीला व्हिंटेजचा मान मिळू नये, याबाबत मी नियमाच्या बाजूने आहे. पण तोच ब्लॉक, त्यावरचा तोच नंबर, तेच हेड ठेवून आजच्या इंधनावर जगण्यापुरते केलेले काम वेगळे धरले पाहिजे. मालक आज नोंदणीचा अर्ज करायलाच घाबरतात. तपासणीला येणारा अधिकारी काय म्हणेल, याचा भरवसा नाही.

राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडून याचा लेखी खुलासा मागवावा. मूळ क्रमांकाचा ब्लॉक कायम असेल, तर कठीण व्हॉल्व्ह सीट, ओव्हरसाइज पिस्टन, इंधनाचे नवे होज आणि कार्ब्युरेटरची निडल या कामांना दुरुस्ती मानावे. मोठा फेरफार म्हणजे नेमके काय, याची यादी प्रत्येक परिवहन कार्यालयात मराठीत लावावी आणि तपासणीच्या वेळी इंजिनकामाची बिले पुरावा म्हणून स्वीकारावीत.

— एक इंजिन कारागीर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर