चि. निनाद यास: तो ११ चा आकडा नीट बघ

सांगली

चि. निनाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास आणि मागे केतकीचे कामही चालू होते, म्हणून मला सांगायचे होते ते अर्धवट राहिले. असल्या गोष्टी फोनवर सांगितल्या की निम्म्या विसरल्या जातात, हा माझा नोकरीतला जुना अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नव्या राउटरसाठी तू पैसे बाजूला काढले आहेस, ते हे पत्र वाचून होईपर्यंत तसेच ठेव.

तुझी तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक झाली असेल तर तुझ्या लक्षात येईल. तुझा विंडोजचा डेस्कटॉप आतल्या खोलीत आहे आणि तो वायरने राउटरला जोडलेला आहे. केतकीचा मॅकबुक वायफायवर चालतो. ज्या जुन्या लॅपटॉपवर तू लिनक्स घातलेस, तो हॉलमध्ये राउटरच्या शेजारी वायरने जोडून ठेवला आहेस आणि त्यावर तुम्ही जुनी चित्रीकरणे साठवता. एका लग्नाचे ४० जीबी चित्रीकरण डेस्कटॉपवरून मॅकवर न्यायला तासाहून अधिक वेळ लागतो आणि कॉपी होताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास अडकून राहतो. मॅकवर इंटरनेटचा वेग मोजला तर तो मात्र १९० मेगाबिट दिसतो. यावरून तू असा निष्कर्ष काढलास की विंडोजचे आणि मॅकचे एकमेकांशी पटत नाही आणि राउटर जुना झाला आहे.

मला हे दोन्ही निष्कर्ष पटत नाहीत, आणि त्याचे कारण तुझ्याच आकड्यांत आहे. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल कॉपी होतानाचा वेग मेगाबाइटमध्ये दिसतो; आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे तुझे ११ मेगाबाइट हे साधारण ९० मेगाबिट झाले. आता मॅकने वायफायवरून राउटरमार्गे १९० मेगाबिट ओढून दाखवले आहेत. जो रस्ता १९० वाहून नेतो तो ९० वर अडेल कसा? म्हणून मॅक, वायफाय आणि राउटर या तिघांवरचा संशय मी तूर्त काढून घेते. उरतो तो डेस्कटॉपपासून राउटरपर्यंतचा वायरचा तुकडा, आणि त्याच्या दोन टोकांना जे काही आहे ते.

दुसरे असे की ११ हा आकडा सहजासहजी येत नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीला आठाने भागले की १२.५ येतात, माहिती ज्या लहान तुकड्यांत जाते त्या पॅकेटांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हातात ११ ते पावणेबारा उरतात. हजार मेगाबिटच्या म्हणजे गिगाबिटच्या जोडणीवर हाच आकडा ११० च्या आसपास असतो आणि तुझे ४० जीबी सहा-सात मिनिटांत जातात. म्हणून कॉपीचा वेग ११ वर येऊन तिथेच सपाट राहिलेला दिसला, की मी सर्वांत आधी शंभराची जोडणी शोधते. तूही तेच कर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट असे उघडलेस की लिंक स्पीड लिहिलेला सापडेल. तिथे १०००/१००० आहे की १००/१०० आहे, एवढेच मला हवे आहे. शिवाय जी इंटरनेटची चाचणी तू मॅकवर घेतलीस तीच डेस्कटॉपवर घे; तिथे ती ९४ च्या जवळपास थांबली तर माझे म्हणणे खरे ठरल्यासारखेच आहे.

टेलिफोन खात्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवले होते की फॉल्ट दुरुस्त करायच्या आधी तो लोकलाइज करायचा, म्हणजे नेमका कुठे आहे ते शोधायचे. ग्राहकाची तक्रार आली की तो एक्स्चेंजमध्ये आहे, एमडीएफवर (एक्स्चेंजमधली तारा जोडण्याची मुख्य चौकट) आहे, पिलरमध्ये (रस्त्यावरची जोडपेटी) आहे, डीपी बॉक्समध्ये (घराजवळची वाटपपेटी) आहे की ग्राहकाच्या घरातल्या इन्स्ट्रुमेंटमध्ये आहे, हे एकेक टप्पा तोडून तपासायचे. ज्याने हे न करता थेट इन्स्ट्रुमेंट बदलले, त्याला दोन दिवसांनी त्याच घरी पुन्हा जावे लागे. तुझ्याकडे तर तीन संगणक आहेत, म्हणजे तीन साक्षीदार आहेत, आणि ही फार मोठी सोय आहे. एकच मोठी फाइल, समजा दोन जीबीची, लिनक्सवरून मॅकवर ने. मग डेस्कटॉपवरून लिनक्सवर ने. पहिली झपाट्याने गेली आणि दुसरी ११ वर अडकली, तर दोष डेस्कटॉपच्या बाजूला आहे. मात्र त्याआधी लिनक्सवर एथटूल ही आज्ञा चालवून त्याच्या नेटवर्क कार्डाचा, म्हणजे वायरचा पोर्ट ज्यावर असतो त्या भागाचा, वेग बघून ठेव, कारण बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत पोर्टच मुळी शंभराचा असतो आणि मग तो साक्षीदार उपयोगाचा नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्या घरी हेच झाले होते, ते मी तुला तेव्हा सांगितले नव्हते. माडीवरच्या बाबांच्या संगणकावरून खालच्या माझ्या संगणकावर फोटो यायला फार वेळ लागू लागला. दिवे लागलेले, इंटरनेट चालू, पिंग केले, म्हणजे दुसऱ्या संगणकाला छोटी हाक मारली, तर उत्तर एका मिलिसेकंदात. कोणालाही सर्व काही ठीक आहे असेच वाटावे. फक्त स्विचवरचा, म्हणजे अनेक संगणकांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या पेटीवरचा, त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी पिवळा होता, आणि आमच्या स्विचवर पिवळा म्हणजे शंभर. मी खिडकीपाशी उजेडात बसून वायरच्या टोकाची पारदर्शक क्लिप बाबांच्या भिंगाखाली धरली. आठ तारा रंगांच्या क्रमाने बसलेल्या दिसत होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी. पण शेवटची तपकिरी तार क्लिपच्या टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. तिच्यावरचा सोनेरी दात पूर्ण खाली दाबलेला होता आणि त्याच्याखाली तार नव्हती. क्रिम्पिंग करताना, म्हणजे क्लिप तारांवर दाबून बसवताना, ती जेमतेम टेकलेली असणार, आणि खिडकीतून वायर ओढली गेली तेव्हा मागे सरकली.

आता एवढ्याने पूर्ण बंद का पडले नाही, हे समजून घे, कारण सगळी फसगत इथेच होते. शंभराची जोडणी आठपैकी फक्त चार तारा वापरते, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी तिच्या लेखी नसल्यातच जमा असते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. दोन टोकांची कार्डे आधी आपसात बोलून वेग ठरवतात, हजारावर जमले नाही तर बहुतेक कार्डे मुकाट्याने शंभरावर उतरतात, आणि तसे केल्याचे कोणालाही कळवत नाहीत. मी टोक कापले, तारा पुन्हा सरळ केल्या, नवी क्लिप दाबली, आणि दिवा हिरवा झाला. फोटो दहापट वेगाने खाली आले.

दिवाळीत मी ठाण्याला आले होते तेव्हा तुझ्या खोलीची वायर दाराच्या चौकटीतून, अगदी बिजागरीला लागून गेलेली मी पाहिली आहे. दार दिवसातून कितीदा उघडते आणि मिटते! शिवाय तुझ्या टेबलामागे एक छोटा पांढरा स्विच आहे, तो तू कॉलेजात असताना घेतलेला आहे आणि तो शंभराचाच असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून आधी स्विच मधून काढून वायर थेट डेस्कटॉपला लाव आणि लिंक स्पीड बघ. मग दुसरी एखादी चांगली वायर हॉलमधून जमिनीवरून तात्पुरती टाकून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडा वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि काम झाले, तर कशामुळे झाले हे तुला कधीच कळणार नाही.

कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग हाताने एक हजारावर किंवा शंभर फुल डुप्लेक्सवर (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे) बसवायचा मोह होईल, तो कटाक्षाने टाळ. एका टोकाला वेग पक्का केला आणि दुसरे टोक स्वयंनिर्णयावर राहिले, तर शंभराच्या जोडणीत दुसऱ्याला समोरच्याचा डुप्लेक्स कळत नाही आणि ते हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे, असे धरून बसते. मग एक बाजू बोलत असताना दुसरीही बोलते, पॅकेटे आपटतात, पिंग उत्तम येते आणि मोठी फाइल मात्र गोगलगाईसारखी सरकते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याच कार्यालयात मी यावर आख्खे दोन दिवस घालवले आहेत. दोन्ही टोके ऑटोवरच असू देत.

जोडणी हजाराची झाल्यावर मग वायफायचा प्रश्न पुढे येईल, आणि तो यायलाच हवा. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलेस की चॅनल, बँड (२.४ की ५ गिगाहर्ट्झ) आणि टीएक्स रेट (पाठवण्याचा वेग, मेगाबिटमध्ये) दिसतात. तिथे ८६६ दिसले तरी प्रत्यक्षात हाती साधारण निम्मे किंवा थोडे अधिक येते, कारण हवा सर्वांची सामायिक असते आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. याच कारणाने दोन्ही संगणक वायफायवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि वेग पुन्हा अर्धा होतो. २.४ गिगाहर्ट्झवर तुमच्या इमारतीत शेजाऱ्यांची गर्दी असणारच. तिथे एकमेकांत न मिसळणारी चॅनले १, ६ आणि ११ एवढीच आहेत. मॅक ५ गिगाहर्ट्झवरच आहे ना, ते बघ, आणि राउटर त्या लोखंडी कपाटाच्या मागून बाहेर काढ. रोज एवढे चित्रीकरण हलवायचे असेल तर केतकीसाठी गिगाबिटचा एक यूएसबी-सी अडॅप्टर घ्या. तो राउटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल आणि तिचा वेळ वाचेल.

विंडोज आणि मॅक यांचे पटत नाही, याबद्दलही थोडे लिहिते, कारण हा समज मला मनापासून दूर करावासा वाटतो. पूर्वी दोघांच्या फाइल देण्याघेण्याच्या भाषा खरोखरच वेगळ्या होत्या. पण २०१३ पासून मॅकनेही एसएमबी हीच भाषा प्रथम पसंतीची केली आहे, आणि लिनक्सवर तीच भाषा सांबा हा प्रोग्राम बोलतो. सांबाची सुरुवात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे विद्यार्थीदशेत केली; वायरवरून जाणारी पॅकेटे न्याहाळून त्यांनी समोरचा संगणक काय बोलतो ते उलगडले. आज तुझ्या हॉलमधला जुना लॅपटॉप केतकीच्या मॅकशी बोलतो तो त्या चिकाटीमुळे, आणि मला याचे फार अप्रूप वाटते.

भाषा एक असली तरी बोलण्याचा खर्च असतो. एक मोठी फाइल आणि आठ हजार छोटे फोटो यांचे वजन सारखे असले तरी फोटोंना कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलसाठी उघड, लिही, बंद कर असे वेगळे निरोप जातात आणि विंडोजचा अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. असे फोटो एका झिपमध्ये बांधून पाठव. वेग वायरचा की फाइलींचा, हे वेगळे करायला आयपर्फ३ हा प्रोग्राम उत्तम आहे: एका संगणकावर तो सर्व्हर म्हणून उभा करायचा, दुसऱ्यावरून त्याच्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) जोडायचे, आणि दहा सेकंदांत डिस्कला हात न लावता नुसत्या जोडणीचा वेग कळतो. उलट दिशेनेही मोज. तिथे ९४० मेगाबिटच्या आसपास आले आणि कॉपी तरीही संथ असेल, तर मग डेस्कटॉपची जुनी हार्ड डिस्क बघू.

फोल्डर उघडायलाच वेळ लागत असेल आणि एकदा उघडल्यावर कॉपी ठीक होत असेल, तर ते नाव शोधण्याचे दुखणे आहे. नावाऐवजी आयपी पत्ता टाकून बघ. मात्र कोणी सांगितले म्हणून विंडोजमध्ये जुने एसएमबी१ चालू करू नकोस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरला होता. नव्या विंडोज ११ च्या बऱ्याच आवृत्त्यांत पॅकेटांवर सही करण्याची (वाटेत कोणी बदल केला नाही याची खूण) सक्ती आली आहे, तिने वेग थोडा कमी होतो. तीही बंद करू नये असे माझे मत आहे.

रविवारी सवडीने डेस्कटॉपचा लिंक स्पीड, डेस्कटॉपवरची इंटरनेट चाचणी, लिनक्सच्या कार्डाचा वेग आणि मॅकचा टीएक्स रेट एवढे कळव. दाराजवळची वायर सदोष निघाली तरी ती तू कापू नकोस. पुढच्या महिन्यात येताना मी क्रिम्पर आणि दहा-बारा क्लिपा घेऊन येते, आणि वायर बिजागरीपासून दूर, वरच्या पट्टीतून नेऊ. बाबांची तब्येत चांगली आहे. केतकीला आशीर्वाद सांग.

तुझी
आई